रिकाम्या गाडीची परीक्षा

गाडी भरधाव येते आणि कॅमेऱ्यासमोर आल्या आल्या ड्रायव्हर ब्रेकवर अक्षरशः उभा राहतो. नाक खाली जातं, डिकी वर उचलली जाते, मागची चाकं जाम होतात. जवळजवळ अठरा फूट लांबीची ती सेडान सरळ थांबायचं सोडून हळूहळू तिरकी व्हायला लागते. टायर किंचाळत असतात. ड्रायव्हर स्टिअरिंग उलट्या बाजूला देऊन तिला कशीबशी सावरतो. ती थांबते तेव्हा रस्त्याला पुरती आडवी झालेली असते आणि टायरचा निळसर धूर मागून येऊन तिला गाठतो. या सगळ्या गोंधळावर एका माणसाचा आवाज चालू असतो. त्या आवाजाला घाई नाही, धास्ती नाही. उलट बोलणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू असणार, असा संशय येत राहतो.

‘कार अँड ट्रॅक’ नावाचा हा अमेरिकन कार्यक्रम. १९६८ ते १९७५ या काळात तो तिथल्या गावोगावच्या टीव्ही केंद्रांवर दर आठवड्याला अर्धा तास दिसायचा. सूत्रधार आणि निवेदक बड लिंडेमन. कार्यक्रम निघायचा मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्समधून आणि गाड्या पिदडल्या जायच्या त्याच भागातल्या ग्रॅटन रेसवे या छोट्या, वळणावळणांच्या ट्रॅकवर. अर्ध्या तासात दोन प्रकारचा माल: एकीकडे मोटारींच्या शर्यती आणि दुसरीकडे बाजारात नुकत्याच आलेल्या गाड्यांची चाचणी. मिशिगन म्हणजे डेट्रॉइटचं राज्य. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही बड्या कंपन्यांच्या अंगणात राहायचं आणि त्यांच्याच कोऱ्या गाड्यांच्या खोडी घरोघरी दाखवायच्या, म्हणजे छातीचं काम.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडच्या वाड्या-पाड्यांत वीज पोचायचीच मारामार, तिथे टीव्ही कुठला. त्यामुळे हा कार्यक्रम त्या काळात इकडे कुणी पाहिला असण्याचा प्रश्नच नाही. आज त्यातल्या चाचण्यांचे चार-पाच मिनिटांचे तुकडे मोबाइलवर मिळतात, रंग विटलेले, आवाज किंचित खरखरीत. मी ते पाहायला लागलो कुतूहलापोटी आणि पाहत राहिलो ते वेगळ्याच कारणासाठी. गाडी शोरूममध्ये सुंदर दिसते, जाहिरातीत सुंदर दिसते. तिचा स्वभाव मात्र ती चुकते तेव्हा कळतो. ‘कार अँड ट्रॅक’ने नेमका तो क्षण पकडायचं ठरवलं आणि सात-आठ वर्षं पकडला. माझ्या मते त्याची सगळी कला या एका निवडीत आहे.

चाचणीचा क्रम साधा. आधी उभ्या जागेवरून ताशी ६० मैलांपर्यंत, म्हणजे आपल्या ९७ किलोमीटरपर्यंत, किती सेकंदांत जाते ते पाहायचं. मग पाव मैलाची धाव. मग जोराचा ब्रेक. मग ओळीने मांडलेल्या शंकूंमधून नागमोडी आणि शेवटी शर्यतीच्या ट्रॅकवर फेरी. ही गाडी शर्यतीची नसते, हे लक्षात ठेवायला हवं. पुष्कळदा ती चारचौघांची, सहाजणांच्या कुटुंबाला घेऊन देवळात आणि बाजारात जायची सेडान असते. सोफ्यासारखी बाकं, मऊ स्प्रिंगा, एका बोटाने फिरणारं स्टिअरिंग. बनवणाऱ्यांनी तिला जे करायला कधी सांगितलंच नव्हतं ते इथे तिला करावं लागतं, आणि पाहणाऱ्याला हसूही येतं आणि तिची दयाही येते.

वळणावरचा कॅमेरा कुठे ठेवलाय ते नीट पाहण्यासारखं आहे. तो बहुतेक वेळा वळणाच्या कडेला असतो, जमिनीच्या बराच जवळ. उंचावरून पाहिलं असतं तर गाडी फक्त वळताना दिसली असती. खालून पाहिल्यावर ती कलताना दिसते. बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक फेंडरखाली गायब होतं, टायरची बाजूची भिंत दुमडून जवळजवळ रिमखाली येते आणि आतल्या बाजूचं चाक रस्त्याला जेमतेम टेकलेलं असतं. दोन टनांच्या आसपासचं वजन एका कोपऱ्यावर येऊन बसलंय, हे सांगायला एकही वाक्य लागत नाही. आपल्या डोळ्यांना ते वजन जाणवतं, पोटात गोळा येतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला वस्तुमानाचा आणि जडत्वाचा धडा मी वर्गात अनेकदा शिकवला आहे. फळ्यावर बाण काढून जे साधत नाही ते या एका वळणात साधतं.

शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीकडच्या एका मेकॅनिकला मी असाच एक तुकडा दाखवला. हात पुसत पुसत त्याने दहा सेकंद पाहिलं.

“सर, हिचं शॉकप गेलंय.”

“अरे, कोरी गाडी आहे ती.”

“कोरी? मंग कंपनीनंच गेलेलं दिलं.”

याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही. त्या काळातल्या अमेरिकन सेडानचं सस्पेन्शन मऊ असायचं कारण गिऱ्हाईकाला मऊच हवं असायचं. सरळ, लांबलचक हमरस्ता आणि त्यावरून पोटातलं पाणी न हलता जाणारी गाडी, ही त्यांची चैनीची कल्पना. वळण त्या कल्पनेत बसतच नव्हतं. लिंडेमनच्या चमूने तिला वळणावर नेलं आणि मऊपणाची किंमत दाखवली. टायर किंचाळायचे कारण तेव्हा सर्रास क्रॉस-प्लाय टायर असायचे, ज्यांची भिंत आणि तळवा त्याच कापडी थरांनी बांधलेले असतात. गाडी कलली की भिंत दुमडते आणि तिच्याबरोबर तळवाही रस्त्यावरून उचलला जातो. रेडियल टायरमध्ये ही दोन कामं वेगळी केलेली असतात, म्हणून त्याची पकड टिकते. आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि पद्मिनी याच जुन्या टायरांवर वर्षानुवर्षं धावल्या. त्या असं किंचाळल्या नाहीत, कारण तेवढा जोरच त्यांच्यात नव्हता.

आता व्हील कॅप. या चाचण्यांमधलं माझं सर्वांत आवडतं पात्र हेच. गाडी जोरात वळते आणि चाकावरची चकचकीत कॅप सुटून, स्वतःच्या कडेवर उभी राहून, आपल्याच दिशेने निघून जाते. गाडी डावीकडे, कॅप सरळ. कधी ती बराच वेळ घरंगळत राहते आणि शेवटी गवतात जाऊन आडवी होते. प्रेक्षक म्हणून मी आता प्रत्येक चाचणीत तिची वाट पाहतो. नाटकात विनोदी नट कधी येतोय याची वाट पाहावी तसं ते झालं आहे. पण तिच्या सुटण्याला कारण आहे आणि ते कारण पडद्यावर दिसतंय. पत्र्याचं दाबून केलेलं चाक जोराच्या वळणात किंचित वाकतं, कॅपच्या पकडी त्या वाकण्याने सैल होतात आणि चकाकणारं क्रोम सर्वांत आधी पळ काढतं. चमूला हे तुकडे कापून टाकता आले असते. त्यांनी ते ठेवले. शोरूममध्ये ज्या वस्तूकडे बोट दाखवून गाडी विकली जाते तीच वस्तू पहिल्या वळणावर रजा घेते, यावर निवेदकाने काही बोलायची गरज उरत नाही.

ब्रेकचा प्रसंग मात्र हसण्यासारखा नाही. पुढच्या चाकांवर भार येतो, मागची हलकी होतात, हलकी झालेली चाकं आधी जाम होतात आणि जाम झालेलं चाक दिशा धरत नाही. म्हणून मागचा भाग पुढे यायला बघतो. आज एबीएस हे काम क्षणोक्षणी सांभाळतं. तेव्हा ते ड्रायव्हरच्या पायाला सांभाळावं लागायचं आणि बऱ्याच गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असायचे, जे एक-दोन जोराच्या थांबण्यानंतर तापून ढिले पडतात. कसारा घाटात उतरणाऱ्या लोड गाड्यांच्या मागे अडकलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. लायनर जळाल्याचा तो वास ज्याने घेतलाय, त्याला या चाचण्यांतला धूर मोबाइलच्या काचेतूनही नाकाला जाणवतो.

मुरबाड तालुक्यात म्हसा गावी पौष पौर्णिमेला यात्रा भरते. बैलांच्या बाजारासाठी ती लांबलांबपर्यंत माहीत आहे. तिथे घेणारा माणूस बैलाकडे कसा पाहतो? आधी तोंड उघडून दात बघतो: दोन दाती, चार दाती, की जुळलेला. मग वशिंड, मग खूर, मग पाठीवरून हात. झूल, गोंडे, रंगवलेली शिंगं यांच्याकडे तो ढुंकून बघत नाही. ते विकणाऱ्याचं काम. नंतर तो म्हणतो, चालवून दाखव. जनावर चालायला लागलं की बघणारे गप्प होतात. पाऊल कुठे पडतंय, मागचा पाय ओढतोय का, अचानक दचकवलं तर बुजतो का, मानेवर जू ठेवलं तर बसकण मारतो का. खोड असेल तर ती ताण पडल्यावरच बाहेर येते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भाव ठरतो तो त्यानंतर, रुमालाखाली बोटं धरून. ‘कार अँड ट्रॅक’ची चाचणी ही अगदी याच जातीची आहे. लिंडेमन घेणाऱ्याच्या बाजूने उभा आहे आणि कंपनीला म्हणतोय, चालवून दाखव. हे नातं एकदा ध्यानात आल्यापासून मला तो कार्यक्रम परका वाटेनासा झाला. फरक एवढाच की म्हशाच्या बाजारात हातचं न राखता खरं बोलणारा निवेदक नसतो. तिथे ज्याचे डोळे त्यालाच उपयोगी.

लिंडेमनचा आवाज मैदानावरच्या समालोचकाचा आहे, दमदार आणि सरावलेला. पण लिहिलेला मजकूर समालोचनाचा नाही. त्यात कोट्या आहेत, अनुप्रास आहेत, गाडीला माणसासारखं वागवून केलेल्या खोचक टिप्पण्या आहेत. मजा अशी की चित्र जितकं बेभान, तितका आवाज थंड. मागचं टोक ट्रॅक सोडून बाहेर निघालंय आणि हा मनुष्य स्टिअरिंगच्या हलकेपणावर शांतपणे शेरा मारतोय. या विसंगतीतून विनोद तयार होतो, पण नुसता विनोदच तयार होत नाही. शांत आवाजामुळे आपण चित्र नीट पाहतो. तो जर ओरडला असता तर आपण त्याच्या ओरडण्याकडे पाहिलं असतं. हल्लीच्या वाहन-परीक्षणांतली पोरं गाडीत बसल्या बसल्या डोळे विस्फारतात आणि गाडी अजून गल्लीच्या बाहेर पडलेली नसते! त्यांच्यापुढे हा जुना बाज मला फार सुसंस्कृत वाटतो. क्वचित एखादी कोटी ओढूनताणून आणलेली असते, बायकांच्या ड्रायव्हिंगवरची त्या काळची थट्टा आज कानाला खटकते. ती माफ करायची गरज नाही. तिच्यासकट ऐकायचं.

शर्यतींच्या भागाबद्दल मला तितकंसं बोलावंसं वाटत नाही. नॅसकार, ट्रान्स-ॲम, कॅन-ॲम या शर्यत-मालिकांची ती ऐन उमेदीची वर्षं. १९६९ च्या कॅन-ॲम मालिकेत ब्रूस मॅकलारेन आणि डेनी हल्म या दोघा चालकांनी मिळून अकराच्या अकरा शर्यती जिंकल्या, म्हणजे निकाल आधीच ठरलेला, आणि तरी गर्दी होत होती. आपल्याकडे तेव्हा मोटारींच्या शर्यती व्हायच्या त्या जुन्या धावपट्ट्यांवर: मुंबईत जुहूला, मद्रासजवळ शोलावरमला, कलकत्त्याकडे बराकपूरला. त्या मोजक्या हौशी आणि पैसेवाल्या मंडळींच्या. अमेरिकेत मात्र विक्रेत्यांचं सूत्रच होतं की रविवारी शर्यत जिंकायची आणि सोमवारी तीच गाडी विकायची. लिंडेमनचा कार्यक्रम रविवार आणि सोमवार एकाच अर्ध्या तासात शेजारी शेजारी मांडतो आणि दोघांमधली दरी उघडी पाडतो. आत्ता ज्या नावाची गाडी ताशी दीडशे मैलांनी पळताना पाहिली, त्याच नावाची दुकानातली गाडी शंकूंच्या रांगेत तिसऱ्या शंकूला आडवं करते. जिंकणाऱ्या गाडीचं आणि विकत मिळणाऱ्या गाडीचं नातं बऱ्याचदा बॉनेटवरच्या नावापुरतंच असतं.

आणि चाचणी म्हणजे शर्यतीहून कमी जोखमीचं काम, असं कुणी समजू नये. तोच ब्रूस मॅकलारेन २ जून १९७० ला इंग्लंडमधल्या गुडवुड ट्रॅकवर मरण पावला, तो शर्यतीत नव्हे. नव्या गाडीची चाचणी घेताना तिच्या मागच्या बॉडीचा भाग सुटला. भोवती गर्दी नव्हती, झेंडा नव्हता.

या चाचण्या वर्षांच्या क्रमाने पाहिल्या तर एक कादंबरी उलगडते, लेखकाने न ठरवता लिहिलेली. १९७० ची ब्युइक जीएसएक्स घ्या. ४५५ घन इंचांचं, म्हणजे जवळपास साडेसात लिटरचं इंजिन. कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. एका जीएसएक्सच्या बॉनेटखाली जवळजवळ सात पद्मिनी मावल्या असत्या. पडद्यावर ती सुटते तेव्हा मागचे टायर बराच वेळ जागच्या जागी फिरत राहतात. जोर एवढा की तो रस्त्यावर ठेवायला जागा नाही. या गाडीत एक निष्काळजी श्रीमंती आहे, पेट्रोल कधी संपणारच नाही असं मानणाऱ्या देशाची. मग १९७१ येतं. हवा स्वच्छ ठेवण्याच्या कायद्यासाठी इंजिनांचं कॉम्प्रेशन कमी केलं जातं. १९७२ पासून ताकद मोजायची पद्धतच बदलते आणि कागदावरचे अश्वशक्तीचे आकडे एकदम खाली येतात. १९७३ पासून गाड्यांना मोठाले, जड बंपर लावणं भाग पडतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब देश तेल बंद करतात आणि जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत देशभर ताशी ५५ मैलांच्या मर्यादेचा कायदा होतो. लिंडेमनचा ट्रॅक तोच, शंकू तेच, वळण तेच. फक्त गाड्या दमलेल्या. जाहिरातवाल्यांना आकड्यांची पद्धत बदलली म्हणून सबबी सांगता आल्या, पण स्टॉपवॉचला पद्धत नसते. सेकंद वाढत गेले ते वाढत गेले. दरम्यान पिंटो, व्हेगा, ग्रेमलिन अशा छोट्या गाड्या आल्या होत्या. इतिहासाच्या पुस्तकात तेलसंकट वाचून जे कळतं, त्यापेक्षा एका अवजड सेडानचं ते रखडत रखडत ६० मैलांना पोचणं मला जास्त सांगून गेलं.

इतकं कौतुक केल्यावर एक हरकत नोंदवतो आणि ती मुरबाडच्या एसटी स्टँडवरून नोंदवतो. मुरबाड तालुक्यात अजून रेल्वे नाही. शहापूरला निदान आसनगाव, खर्डी, कसारा ही स्टेशनं आहेत. मुरबाडचं सगळं जगणं, दवाखाना, कॉलेज, एमआयडीसीची पाळी, कल्याणचा बाजार, टायरांवर चालतं. एसटी असेल तर एसटी, नाहीतर काळी-पिवळी, नाहीतर ईको. आणि यातली एकही गाडी कधी रिकामी जात नाही. पुढे ड्रायव्हरच्या उजव्या मांडीला दार आणि डाव्या मांडीला पॅसेंजर, गिअर टाकायला पॅसेंजरने गुडघा बाजूला घ्यायचा, मागे समोरासमोर बसलेली माणसं, मधे पिशव्या, वर टपावर भाताचं पोतं किंवा लग्नाचं कपाट. तिथे पाटे आधीच बसलेले असतात. अशी गाडी टोकावडे, वैशाखरे सोडून माळशेजच्या वळणांना लागते तेव्हा जे होतं, त्याची परीक्षा ‘कार अँड ट्रॅक’ने कधी घेतली नाही. तिथे सहाजणांची सेडान एकटा ड्रायव्हर घेऊन पळते. रिकाम्या गाडीची खोड वेगळी आणि भरलेल्या गाडीची वेगळी. वजन मागे गेलं की स्टिअरिंग हलकं पडतं, ब्रेक लागायला वेळ लागतो, कलणं वाढतं आणि उतरणीला इंजिनावर धरलं नाही तर ड्रम तापून हात वर करतात. गंमत म्हणजे ज्या कुटुंबाच्या नावाने ती सेडान विकली जायची, ते कुटुंब चाचणीच्या दिवशी घरीच असायचं. लिंडेमन घेणाऱ्याच्या बाजूने होता हे खरं, पण घेणाऱ्याच्या पोराबाळांना त्याने गाडीत बसवलं नाही. माणसं खरोखर बसवा असं कुणी म्हणणार नाही. वाळूची पोती चालली असती.

ही तक्रार परक्या कार्यक्रमाकडे करायचा आपल्याला हक्क आहे, कारण त्या गाड्या आपल्याला पुरत्या परक्या नाहीत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्यात आधी जुळल्या त्या क्रायस्लरच्याच, डॉज आणि प्लिमथ. महिंद्रांची जीप मूळची विलीजची, ओहायोतल्या टोलेडोची, मिशिगनच्या हद्दीला लागून असलेल्या शहरातली. १९७० मध्ये तिकडची जीप कंपनी अमेरिकन मोटर्सने विकत घेतली. त्याच अमेरिकन मोटर्सची ती ग्रेमलिन. म्हणजे किन्हवली-सरळगाव रस्त्यावर दारात माणसं लोंबकळवत धावलेली जीप आणि ग्रॅटनच्या ट्रॅकवर कुथत वळणारी ती छोटी गाडी, दूरच्या का होईना, भाऊबंदच.

मराठीत गाड्यांवर लिहिलं जातं, बोललंही जातं, पण ते बहुतेक विकणाऱ्याच्या आवाजात. स्क्रीन किती इंची, सनरूफ आहे का, सीटला थंड हवा येते का. हे झालं झूल आणि गोंडे पाहणं. दरम्यान रस्ते बदलले. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला, आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. नागपूरपासून ७०१ किलोमीटर, मोटारींना ताशी १२०ची मुभा. ज्या माणसाने आजवर कसाऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी हाकली, त्याच्या हातात तीच गाडी, तेच गुळगुळीत टायर आणि एकदम १२०. गाडी या वेगाला थांबायला किती अंतर घेते, गरम सिमेंटवर कमी हवेचा टायर कसा दुमडतो, हे त्याला चित्रात कुणी दाखवलेलं नाही. कसारा घाटातून जाणाऱ्या आग्रा रोडने पुढे मध्य प्रदेशात गेलं की पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी-ट्रॅक आहे, पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे. चाचण्या होतात, उत्तम होतात. पण त्या बंद फाटकाआड होतात आणि बाहेर येतं ते प्रमाणपत्र. ‘कार अँड ट्रॅक’ने ते फाटक उघडलं होतं, इतकंच. आजही मिशिगनच्या त्या ट्रॅकवरचा एक ब्रेक पाहून मी शहापूरच्या हद्दीत पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवतो, आणि एवढा परिणाम माझ्यावर वाहतूक खात्याच्या कुठल्याही पाटीने केलेला नाही.

तेव्हा कुणाला मराठीत असं काही करायची हुक्की आली, तर जागा मी सुचवतो. नागमोडी चाचणीसाठी शंकू मांडायची गरज नाही, पावसाळा संपल्यावर सरळगाव ते किन्हवली या रस्त्यावरचे खड्डे चुकवत जावं, नागमोड आपोआप होते. ब्रेकसाठी एखादी बंद ठेवलेली धावपट्टी मिळवावी, घाटात हे प्रयोग करू नयेत. कॅमेरा जमिनीजवळ ठेवावा. गाडीत मागे नऊ माणसांच्या वजनाची वाळू भरावी आणि टपावर दोन पोती. निवेदकाने आवाज चढवू नये. आणि चाचणीची गाडी कंपनीकडून मागून आणू नये, वर्षभर कल्याण-मुरबाड भाड्याने पळालेली घ्यावी.